कर आम्ही भरायचा आणि बस दुसऱ्यांनी फुकट वापरायची, हा न्याय आहे का?

खडेबाजारकर
बेळगावातलं घर आणि दुकान, दोन्हीची घरपट्टी मी एप्रिलमध्येच भरतो. आयकर, जीएसटी, व्यवसाय कर वेगळे. रस्ता, गटार, राकसकोप जलाशयाचं पाणी, दवाखाना यांसाठी पैसे घ्या, तक्रार नाही. ते सगळ्यांचं आहे. पण ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना बस फुकट, गृहलक्ष्मी योजनेत घरच्या कर्त्या बाईला महिन्याला २,००० रुपये, वर २०० युनिटपर्यंत वीज फुकट. एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या खिशात घालायचं, हे मला पटत नाही.

वडगावची विणकर
काका, घरपट्टी महापालिकेकडे जाते, तिच्यावर बस चालत नाही. शक्तीचे पैसे परिवहन मंडळाला राज्याच्या तिजोरीतून मिळतात आणि त्या तिजोरीत मीही भरते. मोबाइल रिचार्जवर १८ टक्के जीएसटी तुम्हाला, तेवढाच मला. तुमची कमाई माझ्या कितीतरी पट, पण या कराला ते दिसत नाही. आयकर भरत नाही म्हणजे फुकटी, असं कुणी म्हटलं की फार लागतं. आमच्या गल्लीतल्या बायका उद्यमबागेच्या कारखान्यांत कामाला जातात, तिकिटाचे वाचलेले पैसे घरातच खर्च होतात. तुमच्या दुकानातही येतात.

निपाणीकर
ताईंचं बरोबर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेला पूर आला, यमगर्णीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. बोटी, निवारा केंद्रं, सगळं सरकारी पैशातून. तिथं कुणी कराची पावती बघून जेवण वाढलं नाही.

खडेबाजारकर
पूर हे संकट, बस ही रोजची गोष्ट. दोन्ही एका तराजूत घालू नका. आणि ताई, रिचार्जवरचा कर मीही भरतो, त्यावर आयकर पुन्हा भरतो. चिकोडी-अथणीकडच्या मोठ्या बागायतदाराचं उसाचं बिल लाखांत असतं, तरी शेतीच्या उत्पन्नावर आयकर शून्य. त्याच्या घरच्यांनाही तीच बस फुकट. हा कुठला गरिबीचा निकष?

वडगावची विणकर
मग बागायतदाराला कर लावा, मी तुमच्या बाजूनं बोलेन. बस कशाला बंद करायची?

खानापूरकर
तुम्ही दोघं शहरातलं बोलताय. आमच्या तालुक्यात भीमगडच्या जंगलात अशी गावं आहेत जिथं पावसाळ्यात आजाऱ्याला खांद्यावरून आणावं लागतं. तिथल्या बाईला फुकट तिकीट देऊन काय उपयोग? बसच नाही. काडेपेटीपासून साबणापर्यंत प्रत्येक वस्तूवर ती कर मात्र भरते. माझ्या मते अन्याय इथं आहे. राज्याच्या १९८१ च्या कायद्यात होतं की १५ टक्क्यांवर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं स्थानिक संस्थांची कागदपत्रं त्यांच्या भाषेतही द्यायची. आमच्याकडे कराची नोटीस कन्नडमध्ये येते आणि मराठी माणूस ती घेऊन वाचणारा शोधत फिरतो. घेताना सगळे सारखे, देताना मात्र आम्ही शेवटी.

निपाणीकर
खानापूरकर, मग तुम्ही योजनेच्या विरुद्ध आहात का?

खानापूरकर
नाही. आधी रस्ता, मग बस, मग तिकीट माफ. पैसा मर्यादित असेल तर रांगेत पहिली ती गावं हवीत, बेळगावातली सिटी बस नंतर.

वडगावची विणकर
रस्ता आधी, हे मान्य. पण माझी बस काढून तो करू नका. श्रीमंतांकडून घ्या.

खडेबाजारकर
श्रीमंत म्हणजे शेवटी पावती फाडणारा दुकानदारच धरला जातो, ताई. रस्त्यासाठी जास्त द्यायला मी तयार आहे. महिन्याच्या २,००० रुपयांसाठी नाही.