मदत हवी आहे: स्विच लाइटवर पहिलाच आरपीजी, कुठून सुरुवात करू?

खिडकीची_सीट
नमस्कार मंडळी, इथे गेमवाले बरेच आहेत म्हणून विचारतेय.

मावसभाऊ टोरांटोहून आला होता, त्याने स्वतःला नवीन कन्सोल घेतला आणि जुना स्विच लाइट, म्हणजे निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा कन्सोल, माझ्या हातात ठेवून गेला. पिवळा, एका कोपऱ्याला खरचटलंय पण बाकी ठणठणीत. सोबत मारिओ कार्ट होतं ते लेकीने त्याच संध्याकाळी बळकावलं. मला रेसिंग-मारामारी झेपत नाही, बोटं तेवढी पळत नाहीत, लहानपणी टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेमवर काँट्रा खेळायचो तेव्हासुद्धा भाऊ पुढे आणि मी पहिल्या पुलावरच खल्लास. पण गोष्टीचं वेड आहे, जाडजूड कादंबऱ्या वाचत आलेय, तर मावसभाऊ म्हणाला मग तू आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम खेळ, त्यात गोष्ट असते, आपली चार माणसं असतात, ती हळूहळू तयार होतात. कुठला ते मात्र न सांगताच विमानात बसला.

नेटवर शोधलं तर प्रत्येक यादीत पंचवीस नावं आणि प्रत्येक जण म्हणतो हाच बेस्ट. बेस्ट कुठला ते नंतर बघू हो, आधी पहिला कुठला ते सांगा.

खेळणार ते मुख्यतः लोकलमध्ये. बदलापूरहून सुटणारी गाडी मिळते म्हणून जाताना बसायला मिळतं, येताना देवाची कृपा. म्हणजे मधेच थांबवता आलं पाहिजे, कुर्ल्याला उतरणारीची पर्स खांद्यावर आपटली म्हणून माझा हिरो मरायला नको. चाळिशी लागलीय, बारीक अक्षरं दिसत नाहीत. इंग्रजी वाचायला अडचण नाही. सध्या एकच घेणार कारण कार्ट्रिजच्या किमती बघून घाम फुटला. आणि हे शंभर शंभर तासांचे गेम लोक खरंच संपवतात का? काहीच माहीत नाही असं धरून सांगा प्लीज.

पोहे_शेव_जास्त
ताई हातात स्विच आहे आणि प्रश्न कसला पडतो, झेल्डा ब्रेथ ऑफ द वाइल्ड घे डोळे झाकून. डोंगर दिसला की चढायचं, बास. मी तर गोष्ट सोडून नुसता भटकत होतो.

फडतूस_नाना
पोहे, त्या स्वतः लिहितायत की बोटं पळत नाहीत आणि तुम्ही त्यांना त्यातल्या गार्डियन नावाच्या यंत्रराक्षसाच्या लेझरसमोर उभं करताय. झेल्डा भारीच आहे, वाद नाही, पण राक्षस मारून लेव्हल वाढत नाही, सोबतीला पार्टी, म्हणजे साथीदारांची टोळी नाही, वर तलवारी तुटतात त्या वेगळ्याच. त्याला आरपीजी म्हणायचं की नाही यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

पोहे_शेव_जास्त
नाना आलेच, हाहा. बरं मग पर्सोना ५ रॉयल? टर्न-बेस्ड आहे, स्टाइल तर विचारू नका, मेनू उघडायला पण मजा येते.

गुहेतला_दिवा
सीट, नावांच्या मागे लागण्याआधी एक ठरवून टाका: टर्न-बेस्ड घ्यायचा. म्हणजे लढाईत तुमची पाळी आली की तुम्ही हुकूम सोडेपर्यंत समोरचा राक्षस हात चोळत उभा राहतो, कुर्ला येऊ दे नाहीतर टीसी येऊ दे. बोटांच्या वेगाचा काही संबंध नाही.

मधेच थांबवायचं म्हणाल तर ती काळजी सोडा. स्विचचं वरचं पॉवरचं बटण एकदा दाबलं की गेम आहे तिथे झोपतो, संध्याकाळी उठवलात की त्याच वाक्यापासून पुढे, आणि हे जवळजवळ सगळ्याच गेमला लागू आहे. खरी गोची वेगळी असते. घरी पाहुणे येतात, इयर एंडिंग येतं, दहा-बारा दिवस गेम उघडलाच जात नाही, आणि मग उघडल्यावर आपण कुठे चाललो होतो, हा म्हातारा कोण, ही किल्ली कशाची, काही आठवत नाही. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचा पहिला आरपीजी असाच सुटला, अवघड होता म्हणून नाही. म्हणून तुटक तुटक खेळणाऱ्याने हे आधी बघावं की गेम तुम्हाला परत आत घेतो का.

या हिशोबाने माझं मत ड्रॅगन क्वेस्ट ११ एस. स्विचवर २०१९ ला आला. सेव्ह लोड करताना तो आधी 'आतापर्यंतची गोष्ट' चार ओळीत सांगतो, मग आत सोडतो. पुढे कुठे जायचं ते नकाशावर खूण करून दाखवतो, तरी नाही कळलं तर सोबतच्या माणसांशी बोला, ते आठवण करून देतात. राक्षस मैदानात फिरताना दिसतात त्यामुळे नको असेल तर वळसा घालून जा. लढाईचा वेग वाढवता येतो. आणि नवख्याला सगळ्यात उपयोगी म्हणजे टॅक्टिक्स: प्रत्येक साथीदाराला नुसतं सांगून ठेवायचं की तू बरं करण्यावर लक्ष दे, तू सुटून हाण, तू मंत्रशक्ती वाचव, मग ते आपापलं बघतात. सगळं स्वतः ठरवायचंय तर 'माझा हुकूम पाळा' हा पण पर्याय आहे. सुरुवातीला फक्त हिरो स्वतःकडे ठेवा.

गोष्ट सरळ आहे, गावातला पोरगा, हातावर खूण, तू कोणीतरी निवडलेला आहेस वगैरे. हे ऐकून नाक मुरडू नका, माणसं फार गोड लिहिलीयत, सिल्वँडो नावाचा साथीदार भेटला की कळेल. चित्रं अकिरा तोरियामाची, ड्रॅगन बॉलवाले, २०२४ ला गेले ते. शेवटची पाटी येईपर्यंत पन्नास-साठ तास धरा. आणि पाटी आली की बंद करू नका, त्यानंतर पण बराच मोठा भाग आहे.

एकच तक्रार, मैदानातलं संगीत. या एस आवृत्तीत ऑर्केस्ट्रा आहे, चांगलंच आहे, पण तीच धून इतक्या वेळा वाजते की स्वयंपाक करताना तुम्ही गुणगुणायला लागाल.

मिसळ_मध्यम_तिखट
दिव्याला प्लस वन. पर्सोना ५ माझा जीव की प्राण आहे तरीही पहिला म्हणून नको म्हणेन. खरोखर शंभर तासांचा आहे आणि सुरुवातीचे कित्येक तास गेम तुमचा हात धरून ठेवतो, आज झोप, आज बाहेर जायचं नाही. जपानी शाळा, कॅलेंडर, परीक्षा, कोणाशी मैत्री वाढवायची, सगळं एकदम अंगावर येतं.

ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर कोणीतरी सुचवेलच म्हणून आधीच सांगते, दिसायला इतका सुंदर की स्क्रीनशॉट काढत बसाल, पण आठ माणसं आणि आठ वेगळ्या गोष्टी. दिव्याने लिहिलंय तसं मधे खंड पडला की कोणाची गोष्ट कुठे होती ते शोधावं लागतं. दुसरा किंवा तिसरा गेम म्हणून घ्या.

अक्षरांबद्दल: लाइटचा स्क्रीन साडेपाच इंचाचा आहे. फायर एम्ब्लेम थ्री हाउसेस आणि विचर ३ त्यावर वाचताना मला चष्म्यावर चष्मा लावावासा वाटला. ड्रॅगन क्वेस्ट ठीक आहे. आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, सिस्टिम सेटिंगमध्ये झूम चालू करा, मग होमचं बटण पटकन दोनदा दाबलं की कुठलाही गेम मोठा करून वाचता येतो.

डब्यातली_पोळी
मी थोडं वेगळं सांगू का. पन्नास तास ऐकूनच छातीत धडधडत असेल तर सुपर मारिओ आरपीजी बघा. मूळ १९९६ चा, स्क्वेअरने बनवलेला, स्विचवर २०२३ ला नव्याने आला. बारा-पंधरा तासात संपतो. पार्टी, लेव्हल, दुकानातून चिलखत, जादू, सगळं आहे पण चिमूटभर चिमूटभर. फक्त एक आहे, वार बसायच्या क्षणी बटण दाबलं तर जास्त लागतो, तेवढं टायमिंग सांभाळा, नाही जमलं तरी फार बिघडत नाही, सोपा मोड पण आहे. माझ्या नवऱ्याला मी यावरच आणला आणि तो आता मला विचारतो की नवीन काय आलंय.

फडतूस_नाना
पोळीताईंचा सल्ला चांगला आहे. फक्त बाईंनी जाड कादंबरी म्हटलंय, मारिओत गोष्ट म्हणजे विनोदी एकांकिका.

जाता जाता: आपल्याकडची ती कॅसेटवाली यंत्रं बहुतेक फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जपानी कन्सोलच्या नकला होत्या. पहिला ड्रॅगन क्वेस्ट १९८६ साली जपानात त्याच फॅमिकॉमवर आला. आपण '९९९९ इन १' मध्ये तेच तेच पाच गेम उलटसुलट खेळत होतो तेव्हा तिकडची पोरं त्याच जातीच्या यंत्रावर गुहेत मशाल घेऊन फिरत होती. त्या पहिल्या भागात सेव्ह नव्हतं, उठायच्या आधी राजाकडून एक लांबलचक पासवर्ड घेऊन वहीत उतरवायचा, एक अक्षर चुकलं की बसा बोंबलत.

खिडकीची_सीट
बापरे, किती छान लिहिता सगळे. नाना, आमच्याकडे त्या ९९९९ मधले पाच नाही, चारच चालायचे.

दिवा, मला तो 'आतापर्यंतची गोष्ट' वाला मुद्दा एकदम पटला कारण मार्चमध्ये माझं ऑफिस म्हणजे विचारायलाच नको. पण एवढे पैसे घालायच्या आधी थोडं चाखून बघायची काही सोय असते का? आणि ट्रेनमध्ये नेट लागतं का, विठ्ठलवाडीनंतर माझं नेट झोपतं. कार्ट्रिज बाहेरच्या देशातलं चालतं का? भाऊ दिवाळीत परत येईल म्हणतोय.

गुहेतला_दिवा
डेमो आहे की, फुकट, आणि तो नुसता दहा मिनिटांचा नमुना नाही, जवळजवळ दहा तास चालतो. पूर्ण गेम घेतलात तर डेमोतलं सेव्ह पुढे नेता येतं, म्हणजे खेळलेलं वाया जात नाही. घरच्या वायफायवर उतरवून घ्या, मग खेळायला नेट लागत नाही.

भारताचं वेगळं ईशॉप, म्हणजे निन्टेंडोचं ऑनलाइन दुकान नाही. अकाउंटमध्ये देश बदलून अमेरिका किंवा कॅनडा करा, डेमोला पैसे लागत नसल्याने कार्डाचा प्रश्नच येत नाही. कार्ट्रिजला देशाचं बंधन नाही, टोरांटोचं बदलापूरला चालतं, लॅमिंग्टन रोडवर मिळतात ती पण बाहेरूनच आलेली असतात. आणि एकेरी खेळायच्या गेमला माझा कौल कार्ट्रिजलाच, संपल्यावर विकता येतं.

मिसळ_मध्यम_तिखट
इयरफोन विसरू नका. लाइटला साधं वायरचं भोक आहे, ब्लूटूथ पण जोडता येतो. महिला डब्यात स्लाइम राक्षसांचा आवाज फुल व्हॉल्यूमवर नको.

खिडकीची_सीट
अपडेट देते. डेमो उतरवला, आणि गेले काही दिवस कल्याण कधी येतं कळत नाहीये.

सुरुवातीला टेकडीवर चढायचं असतं ना, ती मैत्रीण आणि कुत्रं बरोबर, तिथे ते धुरकट ढगासारखे राक्षस आले आणि मी सवयीने बटणं बडवायला लागले. मग लक्षात आलं की कोणी काही करत नाहीये, सगळे माझ्यासाठी थांबलेत. समोर यादी: हल्ला, मंत्र, बचाव, पळ. मी चष्मा पुसला, पाणी प्यायले, मग हल्ला निवडला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. शेजारची रोजची बाई पण आता बघत असते, काल म्हणाली अहो त्याला आधी औषध द्या ना, लाल झालाय बघा आकडा.

मग पुढे तो एरिक भेटला, निळ्या केसांचा, तिथून तर मी गुंतलेच. कार्ट्रिज भावाला सांगितलंय.

आता दोन प्रश्न. एक, लेक म्हणते मला पण असाच पण पोकेमॉनवाला हवा, ती नऊ वर्षांची आहे, कन्सोल एकच. दोन, लेव्हल वाढल्यावर पॉइंट मिळतात आणि त्यांनी ते षटकोनी खण उघडतात त्यात साधी तलवार घेऊ की मोठी दोन हातांची, चुकीचं घेतलं तर गेम पुढे अडेल का या भीतीने मी पॉइंट साठवून बसलेय.

पोहे_शेव_जास्त
लेकीला लेट्स गो पिकाचू, ताई. २०१८ चा, पहिले १५१ पोकेमॉन, रानातल्यांना लढून दमवायचं पण नाही, नेम धरून बॉल टाकला की झालं. हे तरी नाना मान्य करतील. फक्त तिच्यासाठी स्विचवर वेगळं प्रोफाइल काढ, पोकेमॉनमध्ये एका प्रोफाइलला एकच सेव्ह असतं, उद्या तुला खेळावंसं वाटलं आणि नवीन सुरू करून तिचा सेव्ह पुसलास तर घरात महाभारत.

फडतूस_नाना
मान्य. लिहून ठेवा, क्वचित होतं.

गुहेतला_दिवा
पॉइंट साठवू नका, वापरा, नाहीतर उगाच कमकुवत राहाल. मोठी तलवार घ्या, एकेक वार जोरात बसतो आणि सुरुवातीच्या मोठ्या राक्षसांना बरी पडते. ढाल हवी असेल तर साधी. गेम कशानेच अडत नाही. थोडं पुढे गेलात की देवळात किंवा वाटेवरच्या देवीच्या मूर्तीपाशी थोडी सोन्याची नाणी मोजून पॉइंट परत काढून घेता येतात आणि नव्याने लावता येतात. एरिकला मात्र सुऱ्यांवरच ठेवा, आधी झोपवायचं किंवा विष द्यायचं आणि मग वार करायचा, बघा काय आकडे येतात ते.