नर पिल्लंच का मोजायची?

वर विचारलंय, उंदराच्या एक्स गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर काढताना नर पिल्लंच का मोजतात? अहो, लेकाला एक्स एकच, तोही आईकडचा. आईच्या दोन एक्समध्ये अदलाबदल झाली तर ती लेकात थेट दिसते, बाप कुठलाही असो. लेकीला बापाचाही एक्स मिळतो, तो आईकडचं झाकू शकतो; म्हणून लेकी मोजायच्या तर बाप नीट निवडावा लागतो.

देवगडला बारावीच्या पोरांना मी लाल आणि काळ्या मण्यांच्या दोन माळा दाखवतो. दोन्ही एकाच जागी कापायच्या नि टोकं बदलून गाठ मारायची. दोन मणी जितके लांब, तितकी कात्री मधे पडण्याची शक्यता जास्त. समजा 100 लेकांत 12 जण अदलाबदलीचे निघाले, तर अंतर साधारण 12 सेंटिमॉर्गन (जनुकांमधलं अंतर मोजायचं एकक; शंभरात एक अदलाबदल म्हणजे साधारण एक). (माळ्यावर नारळ पोखरणारे उंदीर या कामाचे नाहीत, आईबाप माहीत हवेत!)

तीन जनुकं असली तर सगळ्यात कमी पिल्लांचा गट आधी शोधा. तो दुहेरी अदलाबदलीचा, म्हणजे माळ दोन जागी कापली गेलेला. आईच्या एक्सवरच्या मूळ जोडणीशी ताडून बघा, त्यात जे एकटंच बदललेलं दिसेल ते जनुक मधलं.

मेख एकच: उंदराच्या एक्सवरच्याच 'मॉटल्ड' नावाच्या जनुकाचे काही प्रकार नर पिल्लांना जन्माआधीच मारतात. तिथे लेकीच मोजाव्या लागतात.