मदत हवी आहे: सोसायटीत सीपीआर आणि प्रथमोपचार शिबिर, दोन तासांत काय काय घ्यावं?

डी_विंग_सचिव
आमची सोसायटी पुण्यात सिंहगड रस्त्याला, धायरीजवळ. रविवारी क्लब हाउसमध्ये प्रथमोपचार शिबिर ठरलंय. कमिटीने दोनच तास दिलेत. शिकवायला येणारे विचारताहेत की काय काय घ्यायचं, आणि मला शनिवारपर्यंत यादी द्यायची आहे. डी विंगच्या टाकीखाली आग्या मोहोळ बसलंय, त्यामुळे मधमाशांचं हवंच. शिवाय सीपीआर (हृदय थांबलेल्याची छाती दाबणं). बाकी काय घालू? पेटीत काय ठेवू? ॲड्रेनलिनचं इंजेक्शन ठेवायचं का? कृपया नुसतं 'डॉक्टरांना विचारा' असं लिहू नका, ते माहीत आहे.

गडवाट
माणसं किती? छाती दाबायच्या सरावाचे पुतळे किती? हे न सांगता यादी कशी देणार?

डी_विंग_सचिव
साधारण ४० माणसं. सिक्युरिटी, हाउसकीपिंग, माळी आणि इच्छुक रहिवासी. पुतळा एक आणणार आहेत. आता मूळ प्रश्नाकडे या ना.

भूल_आणि_जाग
मूळ प्रश्न हाच आहे. ४० माणसं, एक पुतळा, दोन तास. बोलण्याचा वेळ वजा केला तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर येईल. सीपीआर बघून येत नाही. प्रत्येकाने सलग दोन मिनिटं दाबायलाच हवं, कारण पहिली तीस दाबणी सगळ्यांना जमतात. पुढे दम लागतो आणि नकळत खोली कमी होत जाते. एका पुतळ्यामागे चार माणसं, फार तर पाच. वीस-वीसच्या दोन तुकड्या करा आणि चार-पाच पुतळे मागवा. नीट दाबल्यावर टक् वाजणारे असतील तर उत्तम, नाहीतर ५ सें.मी. म्हणजे किती ते हाताला कळत नाही. पडद्यावरच्या स्लाइड्स पूर्ण गाळा.

क्रम असा शिकवा: खांदे हलवून मोठ्याने हाक. प्रतिसाद नाही, तर छातीकडे बघायचं, दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. अधूनमधून तोंड उघडून आचके देणं म्हणजे श्वास नव्हे. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, 'श्वास चालू आहे' म्हणून लोक थांबतात. एकाने १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवायचा. माणूस पलंगावर किंवा सोफ्यावर असेल तर खाली जमिनीवर घ्यायचा, गादीवर दाबलं तर गादीच दबते. तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्यावर. कोपरं सरळ, खांदे बरोबर वर. खोली ५ ते ६ सें.मी., वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, हाताचा भार तिच्यावर ठेवायचा नाही. ती वर आली नाही तर हृदयात रक्तच भरत नाही. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदला. बरगडीचा आवाज आला तरी थांबायचं नाही.

गडवाट
सहमत. तोंडाने श्वास देणं मात्र वगळा. इंडियन रिससिटेशन कौन्सिल सामान्य माणसाला फक्त छाती दाबायलाच शिकवते. श्वासाच्या भीतीने लोक हातच लावत नाहीत, आणि श्वास देताना दाबणं थांबतं ते वेगळंच.

निळीलेन
सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे का?

डी_विंग_सचिव
आहे. त्याचा काय संबंध?

निळीलेन
तर मग श्वास वगळून चालणार नाही. अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसाच्या रक्तात सुरुवातीची काही मिनिटं ऑक्सिजन शिल्लक असतो, म्हणून नुसतं दाबणं पुरतं. बुडालेल्याचा प्राणवायू आधी संपतो आणि मग हृदय थांबतं. तिथे नुसतं दाबलं तर बिनऑक्सिजनचं रक्त फिरवत बसाल. आधी हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून श्वास (कुठे दोन शिकवतात, कुठे पाच), मग ३० दाबणी आणि २ श्वास. लहान मुलांनाही हेच. आणि पोट दाबून पाणी काढणं, पाय धरून उलटं करणं यावर पाच मिनिटं खर्च कराच. त्यात वेळ जातो आणि पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत उतरतं.

गडवाट
चाळीस जणांना दोन-दोन पद्धती शिकवल्या की ऐनवेळी एकही आठवत नाही. सगळ्यांना फक्त दाबणं शिकवा.

निळीलेन
सगळ्यांना नको. लाइफगार्ड, तलावावरची माणसं आणि लहान मुलांचे पालक यांना वेगळा अर्धा तास द्या. बाकीच्यांना तुमचं.

गडवाट
हे चालेल.

जुना_वाडा
मधमाशीला चुना लावा, नाहीतर कांदा चोळा. लोखंड घासलं तरी उतरतं. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या हेच करतात, कुणाला काही झालं नाही.

मधुकोश
दादा, एखाद-दुसरी माशी चावली तर काहीही न लावताही उतरतं, म्हणून चुन्याला श्रेय मिळतं. कातडीवर चुना भाजतो, तो नकोच. आग्या माशा झुंडीने येतात. आधी तिथून निघायचं: तोंड-नाक शर्टाने झाकून, हात न झटकता, थेट बंद खोलीत किंवा गाडीत, काचा वर. तलावात उडी मारायची नाही, माशा वर घोंगावत थांबतात. काटा तिथेच राहतो आणि त्याला चिकटलेली विषाची पिशवी आपोआप आकसत विष सोडत राहते. त्याचा वासही दुसऱ्या माशांना बोलावतो. म्हणून सुरक्षित जागी पोचल्या पोचल्या काटे काढा. नखाने, कार्डाने, चिमटीने, कशानेही; पद्धतीपेक्षा सेकंद महत्त्वाचे. गांधीलमाशी काटा सोडत नाही, तिथे शोधत बसू नका. अंगठ्या, बांगड्या लगेच उतरवा, सूज आली की कापाव्या लागतात. मग साबण-पाणी आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ.

अवांतर: मोहोळ जाळू नका, त्याच्याखाली धूर किंवा फटाकेही नकोत. शिवाजीनगरला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे विचारा. तोवर टाकी धुणं आणि बाहेरून काचा पुसणं बंद ठेवा.

भूल_आणि_जाग
मधुकोश यांच्या प्रतिसादाला एक जोड. मोठ्या माणसाला पन्नासच्या वर, लहान मुलाला त्याहून बरेच कमी डंख असतील तर ॲलर्जी नसतानाही दवाखाना. विषाने स्नायू आणि रक्तपेशी फुटतात आणि त्याचा भार मूत्रपिंडावर पडतो. लघवी काळ्या चहासारखी झाली तर उशीर करायचा नाही.

सचिव, इंजेक्शनचं विचारलंत. कुणाला पूर्वी त्रास झालाय का?

डी_विंग_सचिव
आमच्या माळीकाकांना मागच्या वर्षी गांधीलमाशी चावली होती. अंगभर पित्त उठलं, आवाज बसला, चक्कर येऊन खाली बसले. सेट्रिझिन (ॲलर्जीची गोळी) दिली, तासाभरात बरे झाले. म्हणून तर विचारतोय.

भूल_आणि_जाग
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. डंख हाताला आणि पित्त अंगभर, शिवाय आवाज आणि चक्कर: ही ॲनाफिलेक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी ॲलर्जी. पुढच्या वेळी यापेक्षा जोरात येऊ शकते. सेट्रिझिनने खाज जाते. सुजलेला घसा उघडत नाही आणि पडलेलं बीपी वर येत नाही. ते काम ॲड्रेनलिनचंच. काकांना रविवारच्या आधी ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे न्या. गांधीलमाशीची ॲलर्जी असली म्हणजे मधमाशीची असेलच असं नाही, ते तपासणीत कळतं. तोवर त्यांना डी विंगखाली काम नको.

सोसायटीच्या पेटीत इंजेक्शन ठेवू नका. काकांना त्यांच्या नावाने, चिठ्ठीवर, वापरायला शिकवून मिळू द्या. मोठ्या माणसाचा डोस ०.५ मि.ग्रॅ., म्हणजे १ मि.ग्रॅ. प्रति मि.लि. ॲम्प्यूलमधला अर्धा मि.लि., मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. फरक नाही पडला तर ५ मिनिटांनी पुन्हा. शिरेत कधीही नाही, हृदयाचे ठोके भलतेच होतात. इन्सुलिनची सुई आखूड, ती स्नायूपर्यंत पोचत नाही. ॲम्प्यूल उजेडात ठेवायची नाही आणि सिरिंजमध्ये आधीपासून भरूनही ठेवायची नाही. हे सगळं डॉक्टरांनी समोर बसवून करून घेतल्याशिवाय कुणी हात लावू नये.

माणसाला आडवं ठेवायचं, पाय वर. धाप लागली असेल तर बसू द्यायचं, पण उभं करायचं नाही, चालवत रिक्षापर्यंत तर अजिबात नाही. एकदम उभं राहिल्यावर हृदयाकडे येणारं रक्त घटतं आणि माणूस कोसळतो. बरं वाटलं तरी दवाखान्यात काही तास थांबायचं, लक्षणं परत येतात.

काकांना बीपीची गोळी चालू आहे का?

डी_विंग_सचिव
हो, बीपीची आहे. नाव माहीत नाही.

भूल_आणि_जाग
पाकीट बघा. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल असं काही असेल तर ॲड्रेनलिनचा परिणाम कमी होतो. मनाने बंद करू नका, पाकीट डॉक्टरांना दाखवा.

कात्रजघाट
सापाचं कुणी बोललंच नाही. धायरीत डोंगर जवळ आहे. घोणस, नाग, मण्यार, फुरसे, चारही विषारी. दोरीने आवळायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवायचा, चालवायचं नाही. मण्यार रात्री झोपेत चावते आणि खूण दिसतेच असं नाही. पहाटे पोट दुखतंय, पापण्या जड झाल्यात असं कुणी म्हणालं तर थेट ससून रुग्णालयात. साप पकडून न्यायची गरज नाही.

जुना_वाडा
आवळलं नाही तर विष वर चढतं की.

कात्रजघाट
आवळल्याने विष थांबत नाही. घोणशीच्या विषाने तिथलं मांस आधीच सडत असतं, त्यात रक्तपुरवठा तोडला की हातपाय जातो. आणि दवाखान्यात आवळपट्टी एकदम सोडली की साठलेलं विष एका दमात अंगात जातं.

डी_विंग_सचिव
साप नकोय. दोन तास आहेत.

भूल_आणि_जाग
साप वगळा, पण विंचवाला दोन मिनिटं द्या, बांधकामाच्या दगड-विटांत लाल विंचू निघतो. नुसती भयंकर आग होत असेल तर बहुधा तेवढ्यावरच निभावतं. घाम, उलट्या, लाळ आणि थंडगार हातपाय असतील तर धोका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन ही गोळी वापरून दाखवली आणि मृत्यू खूप कमी झाले. ती दवाखान्यातच द्यायची, घरी नाही.

सातवा_मजला
१०८ आली तरी गेटवर दहा मिनिटं जातात, त्याची उजळणी कुणीच करत नाही. एक गार्ड रस्त्यावर, एकाने बॅरिअर उचलून धरायचा, एकाने लिफ्ट तळमजल्यावर अडवून ठेवायची. तुमच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का ते आजच मोजा. नसेल मावत तर खुर्चीला बांधून उतरवावं लागतं, आणि ज्याची छाती दाबणं चालू आहे त्याला खुर्चीत बसवता येत नाही. तो तिथेच राहणार.

डी_विंग_सचिव
मोजलं, मावत नाही. कमिटीशी बोललो, दोन तुकड्या मान्य, पुतळे चार मिळताहेत. काकांची सोमवारची वेळ घेतली आहे, तोवर त्यांना ए विंगची बाग दिली. पेटीचं राहिलं.

गडवाट
हातमोजे, गॉझ, रोलर बँडेज, तिकोनी फडकं, कात्री, चिमटा, टॉर्च, ओआरएस. तोंडावर धरायचा व्हॉल्व्हवाला मास्क तलावापाशी वेगळा. पेटीला कुलूप नको. पेटी कमिटीच्या ऑफिसात नको, ते सातला बंद होतं. गेटवरच्या केबिनमध्ये ठेवा.

निळीलेन
सिक्युरिटीवाले एजन्सीचे ना? सहा महिन्यांत निम्मे बदलतात, आणि सराव नसेल तर हातही तेवढ्यात विसरतात. प्रत्येक विंगचे तीन-चार रहिवासी पक्के करा आणि दर सहा महिन्यांनी पुतळे पुन्हा मागवा. रात्रपाळीच्या गार्डचं काय ठरलं?

डी_विंग_सचिव
ते सकाळी आठला सुटतात. शिबिर दहाला आहे.

निळीलेन
मग पहिली तुकडी साडेसातला घ्या, चहा-पोह्यासकट. रात्री दोन वाजता गेटवर तेच असतात.