मदत हवी आहे: ठाण्यात चांगले मासे कुठे?

शनिवारी नागपूरहून मामेभाऊ आणि वहिनी येतायत, दोघंही पक्के खवय्ये. सकाळी मामलेदारची मिसळ फिक्स (सावजी खाणाऱ्यांना तिखटाचं काय कौतुक म्हणा, पण बघू), मग लोकलने सीएसएमटी, बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानियाचा बेरी पुलाव आणि येताना दादरला उतरून प्रकाशचं पियूष. अडलंय ते रात्रीच्या जेवणावर. नौपाडा, पाचपाखाडी साइडला मालवणी जेवण कुठे बरं मिळेल? घोडबंदर नको, ट्रॅफिकमध्येच भूक मरते. ओले बोंबील कुरकुरीत हवेत, तिसऱ्या असतील तर उत्तमच, वहिनी काट्यांना घाबरते म्हणून तिला सुरमई, आणि सोलकढी खरी नारळाच्या दुधाची, गुलाबी पाणी नको. सोबत आई आहे, तिला जिने चढवत नाहीत. प्लीज सुचवा!