अलंकारांच्या व्याख्या पाठ आहेत, पण ओळ समोर आली की नाव ठरत नाही: अभ्यास कसा करावा?

वाचनवेडी

नमस्कार. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन बरीच वर्षे नोकरी केल्यानंतर आता मी मराठी विषय घेऊन दूरशिक्षणाने पुन्हा बी. ए. करते आहे. साहित्यशास्त्रातल्या अलंकारांच्या व्याख्या मला तोंडपाठ आहेत आणि उपमेय (जिचे वर्णन करायचे ती वस्तू), उपमान (जिच्याशी तुलना करायची ती वस्तू), साधारण धर्म (दोहोंतला समान गुण) या संज्ञाही समजतात. व्याख्येखाली दिलेले उदाहरण वाचले की ते पटते. मात्र नुसती ओळ समोर ठेवून ‘अलंकार ओळखा’ असे विचारले, की तीन-चार नावे एकदम डोळ्यांपुढे येतात.

उदाहरणार्थ, संत नामदेवांची ‘अमृताहुनि गोड नाम तुझें देवा’ ही ओळ घ्या. येथे नामाची अमृताशी तुलना आहे हे उघड आहे. मग ही उपमा का नाही, व्यतिरेकच का? तसेच दृष्टांत आणि अर्थांतरन्यास या दोहोंतही एक गोष्ट सांगून तिच्या जोडीला दुसरी गोष्ट येते, तेव्हा त्यांच्यातली सीमारेषा नेमकी कोठे आखायची? जाणकारांनी व्याख्या पुन्हा न देता ओळखण्याची रीत समजावून सांगावी, ही विनंती.

जुना मराठी शिक्षक

ताई, आपला प्रश्न रास्त आहे, आणि हा गोंधळ होतो त्याचे कारण शिकवण्याच्या पद्धतीत आहे असे माझे मत आहे. प्रत्येक अलंकाराला आपण वेगळे उदाहरण देतो. उपमेला एका कवीची ओळ, रूपकाला दुसऱ्याची, अपन्हुतीला तिसऱ्याची. त्यामुळे विद्यार्थ्याला ओळ आठवते, पण दोन अलंकारांत बदलले काय ते दिसत नाही. त्याऐवजी एकच वाक्य घ्यावे आणि तेच फिरवून पाहावे.

‘आजीचे हात सायीसारखे मऊ आहेत.’ हात हे उपमेय, साय हे उपमान, मऊपणा हा साधारण धर्म आणि ‘सारखे’ हा साम्यवाचक शब्द. चारही अंगे हजर आहेत म्हणून ही पूर्णोपमा झाली. ‘मऊ’ हा शब्द काढून नुसते ‘सायीसारखे हात’ म्हटले, तरी उपमा राहतेच; तिला लुप्तोपमा म्हणतात. आता ‘आजीचे हात म्हणजे जणू सायच’ असे म्हणून पाहा. हात आणि साय वेगळी आहेत याची जाणीव सुटलेली नाही, पण बोलणारा दोहोंतले अंतर कल्पनेने पुसू पाहतो आहे; ही उत्प्रेक्षा. ‘हातांची साय गालावरून फिरली’ म्हटले की अंतर उरतच नाही, हात हीच साय होते, हे रूपक. ‘हे हात नव्हेत, ही सायच’ असे म्हणताना उपमेयाचा उघड निषेध होतो, म्हणून अपन्हुती. ‘हे हात म्हणावेत की साय?’ असा संशय ठेवला तर ससंदेह. आणि आजीच्या मांडीवरचे मांजर साय समजून ते हात चाटू लागले, तर भ्रांतिमान. संशयात मन दोन्हीकडे झुलत राहते, भ्रमात मात्र निश्चय होऊन तशी कृतीही घडते, एवढा फरक येथे लक्षात ठेवावा. ‘आजीचे हात आजीच्या हातांसारखेच’ हा अनन्वय, कारण तोलायला दुसरी वस्तूच सापडत नाही.

व्यतिरेक मुद्दाम शेवटी ठेवला. ‘आजीचे हात सायीहूनही मऊ’ या वाक्यात तुलना आहेच. पण उपमेत उपमान हे माप असते आणि उपमेय त्या मापाला उतरते, तर व्यतिरेकात माप तोकडे पडते. नामदेवांच्या ओळीत नाम अमृताच्या बरोबरीला थांबत नाही, त्याच्या वर जाते, म्हणून ती उपमा नव्हे. येथे ‘हून’ या प्रत्ययावर मात्र विसंबू नये. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजा जिंके’ असे आहे. या ओळींत ‘हून’ नाही, तरी बोल अमृताशी पैज लावून ती जिंकतो, म्हणजे उपमेय वरचढ ठरते, हा व्यतिरेकच.

हाच इशारा ‘सारखा’ आणि ‘जणू’ यांनाही लागू आहे. ‘मूल सारखे रडते’ यात उपमा नाही हे कोणीही सांगेल. पण ‘हा मुलगा त्याच्या भावासारखा उंच आहे’ यातही उपमा अलंकार नाही, हे पुष्कळांना पटत नाही. दोन भावांची उंची सांगणे ही व्यवहारातली माहिती झाली. अलंकार होण्यासाठी दोन भिन्न जातींच्या वस्तूंमधले साम्य अचानक दिसावे लागते आणि त्यातून ऐकणाऱ्याला काही आनंद मिळावा लागतो. प्राचीनांनी त्याला चमत्कृती म्हटले आहे. उत्प्रेक्षेतही ‘जणू’ नेहमी असतोच असे नाही. ‘दिवसभराच्या वाटचालीने थकला, म्हणूनच सूर्य समुद्राकडे उतरला असावा’ या वाक्यात कल्पना आहे ती कारणाची. तिला हेतूत्प्रेक्षा म्हणतात.

ओवीप्रेमी

सरांनी पहिला भाग इतका स्वच्छ सांगितला आहे, की मी फक्त दृष्टांत आणि अर्थांतरन्यास यांविषयी लिहितो.

तुकोबांचा ‘लहानपण देगा देवा । मुंगी साखरेचा रवा’ हा अभंग आपल्याला ठाऊक असेलच. मागणी आहे लहानपणाची. तिच्या शेजारी मुंगीला मिळणारा साखरेचा रवा येतो, आणि लगेच पुढे ऐरावतासारख्या थोर रत्नाला सोसावा लागणारा अंकुशाचा मार येतो. ‘जसे’, ‘तसे’ असे काहीही म्हटलेले नाही. दोन चित्रे एकमेकांसमोर ठेवली आहेत आणि एकात दुसऱ्याचे प्रतिबिंब पडते आहे. शास्त्रकार याला बिंब-प्रतिबिंबभाव म्हणतात, आणि तोच दृष्टांताचा प्राण होय.

आता रघुनाथपंडितांच्या नलदमयंती आख्यानातला श्लोक पाहा. नळराजाने हंसाला पकडले आहे आणि त्याच्याबरोबरचे पक्षी घाबरून उडून गेले आहेत:

तदितर खग भेणें वेगळाले पळाले,
उपवन-जल-केली जे कराया मिळाले;
स्वजन, गवसला जो, त्याजपासी नसे तो;
कठिण समय येतां कोण कामास येतो?

पहिल्या तीन चरणांत एका विशिष्ट तळ्याकाठची विशिष्ट घटना आहे. चौथ्या चरणात हंसही नाही आणि तळेही नाही. तेथे साऱ्या जगाला लागू पडणारा सिद्धांत आहे आणि तो आधीच्या घटनेला आधार देतो. विशेषावरून सामान्याकडे, किंवा उलट सामान्यावरून विशेषाकडे असा हा प्रवास असेल, तर अर्थांतरन्यास समजावा. दृष्टांतात दोन्ही बाजू एकाच पातळीवर राहतात, कोणी कोणाचा नियम होत नाही.

परीक्षेच्या दृष्टीने एक साधी कसोटी सांगतो. शंका असलेला चरण मूळ संदर्भातून काढून रोजच्या बोलण्यात सुटा वापरून पाहावा. ‘कठीण समय येता कोण कामास येतो’ हे आज हजारो लोक हंसाची गोष्ट माहीत नसतानाही म्हणतात, कारण तो चरण मुळातच सर्वसामान्य विधान आहे. ‘मुंगी साखरेचा रवा’ एवढेच कोणी म्हटले, तर ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहील. ही कसोटी प्रत्येक ठिकाणी चालेल असा माझा दावा नाही, पण शंभरातल्या बहुतेक ओळी तिने सुटतात.

जाता जाता, हा श्लोक मालिनी वृत्तात आहे: चरणात 15 अक्षरे, गण (तीन-तीन अक्षरांचे गट) न, न, म, य, य, आणि आठव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा. मोठ्याने म्हणून पाहिलात तर पहिली सहा लघू अक्षरे भराभर पळतात आणि मग ‘भेणें’पासून चाल संथ होते, हे कानालाच कळेल. वृत्तांचा अभ्यास कागदावर लगक्रम (लघू-गुरू अक्षरांचा क्रम) मांडण्याआधी कानाने करावा, असे मला मनापासून वाटते.

वाचनवेडी

सर, आपण दोघांनीही वेळ काढून इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. आजीच्या हातांचे वाक्य मी वहीत उतरवून घेतले आहे आणि आता तसेच पावसाचे एक वाक्य तयार करून पाहते आहे. आणखी एक विचारू का? अलंकारांनंतर अभ्यासक्रमात शब्दशक्ती, म्हणजे शब्दाच्या अर्थ देण्याच्या शक्ती, आहेत. त्यांतली अभिधा (शब्दाचा सरळ अर्थ देणारी शक्ती) समजते, पण लक्षणा आणि व्यंजना या दोहोंतही शब्दांपेक्षा वेगळा अर्थ निघतो, मग त्या वेगळ्या कशा ओळखायच्या?

जुना मराठी शिक्षक

अवश्य विचारा. लक्षणेत शब्दाचा मूळ अर्थ अडतो, व्यंजनेत तो अडत नाही; येथूनच सुरुवात करावी.

‘पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली’ हे वाक्य घ्या. 1761 सालच्या त्या रणात कोणी बांगड्या मोजत बसले नव्हते. वाच्यार्थ (शब्दाचा सरळ अर्थ) घेतला तर वाक्य निरर्थक होते, म्हणून बांगडीवरून सौभाग्याकडे आणि तेथून रणात पडलेल्या वीरांकडे जावेच लागते. मूळ अर्थाला असा अडथळा येण्याला मुख्यार्थबाध म्हणतात, आणि तो नसेल तर लक्षणा मानता येत नाही.

व्यंजनेसाठी संस्कृत साहित्यशास्त्रकार मम्मटाने आपल्या ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात दिलेले ‘सूर्य मावळला’ हे उदाहरण अजोड आहे. तेच आपल्या घरात आणून पाहू. संध्याकाळी आई म्हणते, ‘दिवेलागण झाली.’ हे वाक्य शब्दशः खरे आहे, त्यात काहीही अडत नाही. तरी अंगणातल्या मुलाला ते ‘खेळ पुरे, घरात ये’ असे ऐकू येते, आजीला देवापाशी निरांजन लावण्याची आठवण होते आणि निघायच्या तयारीत असलेल्या पाहुण्याला उशीर झाल्याचे जाणवते. वाच्यार्थ जागच्या जागी राहून बोलणारा, ऐकणारा आणि प्रसंग यांच्यामुळे दुसरा अर्थ उमटतो. संस्कृत साहित्यशास्त्रकार आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनिसिद्धांत (ध्वनी म्हणजे काव्यातून सूचित होणारा अर्थ) मांडला तो याच शक्तीच्या आधाराने, आणि उत्तम काव्याचे मर्म त्याने अलंकारांत नव्हे तर या ध्वनीत पाहिले. म्हणून हा भाग घाईने उरकू नये. माझ्या मते साऱ्या अभ्यासक्रमात याच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही.

एकाच वाक्यात दोन्ही शक्ती असू शकतात, हेही ध्यानात असू द्या. बांगडीच्या वाक्यात लक्षणेने वीरांचा मृत्यू कळतो. पण ‘सव्वा लाख माणसे पडली’ असे सरळ न म्हणता बांगडी म्हटल्यामुळे मागे राहिलेल्या घरांचा आकांत जो जाणवतो, तो व्यंजनेचा. उत्तरपत्रिकेत असे उदाहरण आले, तर आधी अडलेला अर्थ दाखवावा, मग लक्ष्यार्थ (लक्षणेने कळणारा अर्थ) लिहावा आणि त्यानंतर व्यंग्यार्थासाठी (व्यंजनेने सुचणाऱ्या अर्थासाठी) वेगळे वाक्य ठेवावे. पावसाचे वाक्य तयार झाले की येथे अवश्य लिहा. हेतूत्प्रेक्षेला पाऊस फार चांगला विषय आहे.