किनाऱ्यावर बारमाही: दक्षिण कोकणात गाव निवडताना आलेले अनुभव

शहर सोडून सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर कायमचे राहायला यावे असे मनात असलेली मंडळी माझ्याकडे वारंवार विचारणा करतात, आणि त्यांतल्या बहुतेकांनी हा प्रदेश डिसेंबरच्या सुटीत किंवा आंब्याच्या दिवसांतच पाहिलेला असतो. म्हणून देवगडापासून शिरोड्यापर्यंत जे बारा महिने राहतात, किंवा राहून परत फिरले, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत अशी विनंती आहे. घरातून समुद्र किती दिसतो यापेक्षा पाणी, वीज, दवाखाना, जमिनीची कागदपत्रे आणि शेजार यांविषयी लिहिल्यास नव्याने येणाऱ्यांना खरा उपयोग होईल. सुरुवात मी करते.

वेंगुर्ले, आठवे वर्ष

आम्ही दोघे ठाण्याहून आलो तेव्हा लगेच जागा घेण्याच्या तयारीत होतो. शेजारच्या काकींनी मात्र स्पष्ट सांगितले, "पयलो पावस हयसर काढा, मगे जमिनीचा बघूया." त्यांचे ऐकून आम्ही बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर चिरेबंदी कौलारू घर भाड्याने घेतले, आणि तो सल्ला आजही मी प्रत्येकाला देते.

येथे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो, हे आम्ही वाचलेले होते. प्रत्यक्षात जुलै लागेपर्यंत दारे फुगून चौकटीत अडकू लागली, मिठाला पाणी सुटले, आणि यजमानांच्या पेटीचे दोन स्वर दाबले की खालीच राहू लागले. काकींनी कपाटाच्या तळाशी साठ वॅटचा पिवळा दिवा लावायला सांगितला. तेव्हापासून दर पावसाळ्यात पेटी, पुस्तके आणि रेशमी साड्या त्या दिव्याच्या उबेत राहतात. पश्चिमेच्या पडवीला माडाच्या चुडतांची विणलेली झापे बांधावी लागतात, त्यामुळे ज्या खिडकीतून समुद्र दिसावा म्हणून लोक चढा भाव देतात ती खिडकी वर्षातले चार महिने बंदच असते.

पुढे घर घेतले तेही गावातच, समुद्रापासून दीड किलोमीटर आत. वेंगुर्ले निवडण्याची कारणे साधी होती. बाजार पर्यटकांवर अवलंबून नाही, सरकारी रुग्णालय गावात आहे, कचऱ्याचे वर्गीकरण येथे मनापासून केले जाते, आणि कुडाळ व सावंतवाडी ही दोन्ही गावे तासाभराच्या आत गाठता येतात.

मालवण, निवृत्त बँक कर्मचारी

मालवणविषयी तक्रार ऐकू येते ती गर्दीची, आणि ती खोटी नाही. दिवाळीची सुटी, डिसेंबरअखेर आणि मे महिना या काळात तारकर्लीच्या रस्त्यावर संध्याकाळी दुचाकी काढणेही नकोसे होते, आणि नेमक्या मे महिन्यातच विहिरी तळाला जातात. तरीही मी हेच गाव निवडले, कारण पावसात किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद झाल्या तरी गाव बंद होत नाही. शाळा, एसटी स्थानक, दवाखाने, नाटकाची तालीम, सारे चालूच असते.

बारमाही राहणाऱ्याने मासेमारीचे वर्षही समजून घ्यावे. १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित नौकांना बंदी असते, आणि त्यापूर्वी आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, बेगमी करावी लागते. सुकट, सुके बोंबील, खारवलेला बांगडा, कुळीथ, कोकम, सुकी लाकडे हे सगळे मे संपेपर्यंत घरात आलेले बरे.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, त्या वेळी आमच्या वाडीत नऊ दिवस वीज नव्हती. माझ्या विहिरीवर उत्तम पंप होता, पण रहाट मी आधीच्याच वर्षी अडगळ म्हणून काढून टाकला होता. पाचव्या घरच्या आजींच्या विहिरीवरून दोर आणि कळशीने पाणी आणताना तळहाताला फोड आले. पंपाबरोबर रहाटही ठेवा, आणि घर पाहायला जाल तेव्हा विहिरीचे पाणी एप्रिलच्या शेवटी स्वतः चाखून पाहा. किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरी तोपर्यंत मचूळ होतात.

देवगड तालुका, सासरच्या घरी परतलेली सून

आमचे घर सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर आहे. वारा भरपूर आणि पाणी कमी, असा सड्याचा स्वभाव. कणकवलीची रेल्वे पन्नासेक किलोमीटरवर असल्याने मुंबईचा पाहुणा वारंवार येत नाही, हेही आधी ध्यानात घ्यावे.

मला मुख्यतः जमिनीविषयी लिहायचे आहे. येथील सातबारा उताऱ्यावर एकेका तुकड्याला वीस-पंचवीस नावे सहज असतात, त्यांतील निम्मे वारस मुंबईत आणि काही हयात नसलेले. एका भावाने तोंडी होकार दिला म्हणून विसार देऊ नये. सर्व हिस्सेदारांची संमती आणि मोजणी झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. महाराष्ट्रात शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच विकत घेता येते, आणि भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतच्या पट्ट्यात बांधकामावर किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध लागू होतात. आमच्याच ओळखीच्या एका कुटुंबाने समुद्राला लागून माडांची सुंदर बाग घेतली, आणि सहा वर्षे झाली तरी तेथे त्यांना घर बांधता आलेले नाही.

आचरे, घरून संगणकावर काम करणारा

थोडक्यात लिहितो. वीज गेल्यावर इन्व्हर्टरमुळे घर चालते, परंतु काही तासांनी मोबाईलचा मनोराच बंद पडतो आणि मग घरातल्या सोयीचा उपयोग उरत नाही. मी कणकवलीला एक खोली ठरवून ठेवली आहे आणि जून-जुलैत आठवड्यातून दोनदा तेथे जाऊन काम करतो. ज्यांची नोकरी रोजच्या उपस्थितीवर आहे त्यांनी हा खर्च आधीच धरावा.

तीन वर्षे राहून कुडाळला गेलेली

आमचे घर खाडीच्या काठी होते, आणि त्या घरावर माझे अतिशय प्रेम होते. पहाटे रापणीची, म्हणजे सर्वांनी मिळून किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्याची, हाक ऐकू येई, आणि जाळे ओढायला हात लावला तर वाट्याचे मासे मिळत. वडील तेथे जितके आनंदी होते तितके मी त्यांना शहरात कधीच पाहिले नाही.

ऑगस्टमधल्या एका रात्री त्यांच्या छातीत दुखू लागले. रस्त्यावर आकेशियाचे झाड आडवे पडलेले होते. शेजारच्या चार जणांनी कोयते आणि करवती घेऊन पावसात ते तोडले, मग गाडी निघाली, आणि अखेर गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयात आम्ही पोहोचलो तेव्हा उजाडू लागले होते. वडील वाचले, आणि ते त्या चौघांमुळे वाचले असे मी मानते. तरीही त्यानंतर आम्ही महामार्ग आणि रेल्वे जवळ असलेल्या कुडाळला आलो. घरात वृद्ध माणूस असेल तर दवाखान्याचे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. पावसातल्या रात्री दोन वाजता तेथे पोहोचायला किती वेळ लागेल, हे गावातल्या रिक्षावाल्याला विचारा.

समुद्र आता पाऊण तासावर आहे. दर रविवारी आम्ही वडिलांना तेथे नेतो.

येथेच जन्मलेला, माध्यमिक शिक्षक

बाहेरून येणाऱ्यांनी गावाविषयी जेवढी चौकशी केली तेवढीच आपल्याला काय सांभाळावे लागेल याचीही करावी, असे मला कळकळीने वाटते. जागा घेतली की पहिले काम कुंपणाचे होते, आणि त्या कुंपणाने बहुधा जुनी पाणंद किंवा पावसाचा व्हाळ अडतो. उन्हाळ्यात तो व्हाळ नुसती कोरडी घळ दिसते. त्यातून पाणी कोठे जाते हे वाडीतल्या लहान मुलालाही ठाऊक असते, पण विचारले तरच सांगितले जाते.

आमच्या वाडीत आलेल्या एका जोडप्याने जांभ्याची उंच भिंत घातली, आणि पहिल्याच मोठ्या पावसात मागच्या दोन घरांच्या खळ्यात गुडघाभर पाणी साचले. रागाने कोणीही बोलले नाही. माझे वडील त्यांच्याकडे गेले, छत्री मिटून पडवीत बसले आणि त्यांनी व्हाळाची जुनी वाट त्यांना समजावून सांगितली. त्या गृहस्थांनी दुसऱ्याच दिवशी गवंड्याला बोलावून भिंतीच्या तळाशी दोन हात रुंद मोरी पाडून घेतली. संध्याकाळपर्यंत खळ्यातले पाणी उतरले, आणि त्या वर्षीच्या चतुर्थीला मागच्या दोन्ही घरांतून त्यांच्याकडे पातोळ्या गेल्या.