बाबांच्या एमआरआयमध्ये डिस्क डिजनरेशन आलंय, कितपत सिरीयस असतं?

गुहागरची_पोर
बाबा ५४ चे. आंब्याचे क्रेट उचलून उचलून कंबर धरली, गोळ्यांवर सीझन काढला आणि आता लावणी तोंडावर. रिपोर्टात एल४-एल५ ला डिस्क डेसिकेशन, बल्ज, डिजनरेटिव्ह चेंजेस असं कायकाय लिहिलंय. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, तेवढ्यात पुढचा पेशंट आत, विचारायचं राहूनच गेलं. शेजारचे काका म्हणतात मणका झिजला, आता वाकणं कायमचं बंद, ते ऐकून आईने बाबांना खाटेवरच बसवलंय. ऑपरेशन लागेल का?

फिजिओताई_चिपळूण
आधी बाबांना खाटेवरून उठवा, पडून राहिलं की पाठ अजून आखडते. एल४-एल५ म्हणजे कमरेचा चौथा आणि पाचवा मणका. दोन मणक्यांच्या मधे गादी असते, तीच डिस्क, तिच्या आतल्या गरात तरुणपणी ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, वय वाढतं तसं ते कमी होतं, गादी चपटी होते आणि एमआरआयवर काळी दिसते, डेसिकेशन म्हणतात ते हेच. बल्ज म्हणजे गादी जरा बाहेर फुगणं, आणि डिजनरेशन म्हणजे एकूण झीज. मोठ्या माणसात गादीला रक्तपुरवठा जवळपास नसतोच, वरखालच्या हाडातून झिरपेल तेवढंच पोषण, त्यामुळे ती परत पहिल्यासारखी होत नाही, पण दुखणं मात्र बहुतेकांचं कमी होतं. २०१५ च्या एका रिव्ह्यूमध्ये कंबर अजिबात न दुखणाऱ्यांचे स्कॅन बघितले होते, पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांत ही झीज, विशीतल्या ३७ टक्के पोरांत पण! काकांचा एमआरआय काढलात तर बहुधा हेच येईल 😀 नुसत्या झिजेसाठी ऑपरेशन सहसा लागत नाही.

मालवणी_खलाशी
माझो रिपोर्ट पण असोच इलेलो, एल५-एस१. रोज बंदरापर्यंत चालूक लागलंय तेव्हा बरां वाटला. घाबरा नको गो बाय.

गुहागरची_पोर
हुश्श. पण लावणीला चिखलात तासन्‌तास वाकायचं कसं? आणि डाव्या पायाला पोटरीपर्यंत मुंग्या येतात.

फिजिओताई_चिपळूण
मुंग्या म्हणजे नस दाबली जात असू शकते, डॉक्टरांना नक्की सांगा. यंदा सलग वाकून लावणी नको, मधेमधे उभं राहून चार पावलं चालायचं, क्रेट दोघांनी उचलायचा. लघवी अडकली किंवा ताबा गेला, मांड्यांच्या मधे बधीर झालं, पाऊल उचलेना, तर रात्र असली तरी त्याच वेळी हॉस्पिटल गाठायचं. आणि बिडी ओढतात का? धुराने पण गाद्या लवकर खराब होतात.

गुहागरची_पोर
ओढतात, गोठ्यामागे जाऊन. आईला वाटतंय दिवाळीतच सुटली 🙈